शहापूरची एक डेंटल लॅब, एक स्कॅनर आणि न घेतलेलं मिलिंग मशीन

बेळगावात शहापूर भागात एक डेंटल लॅब आहे, बरीच वर्षं जुनी, नाव लिहीत नाही कारण मालकांना ते नको आहे. मालकांना सगळे अण्णा म्हणतात. त्यांचा पुतण्या बीकॉम करून लॅबमध्येच लागलाय, सिरॅमिकला एक जुने टेक्निशियन बसतात त्यांना आख्खी लॅब मामा म्हणते, आणि दोन पोरं आहेत प्लास्टर, ॲक्रिलिक आणि डिलिव्हरीला. मी दातातला माणूस नाही. मी उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत व्हीएमसीवर, म्हणजे कॉम्प्युटरने चालणाऱ्या धातू कापायच्या मशीनवर, प्रोग्रॅमिंग करतो, अण्णांच्या शेजारी राहतो, आणि "मशीनचं आहे म्हणजे तुला कळणार" एवढ्यावर मला या खरेदीत ओढलं. खरं सांगायचं तर कळलं पण, कारण यातलं निम्मं काम आमच्याच लाईनचं निघालं.

लॅबचं मुख्य काम मेटल सिरॅमिक, म्हणजे वॅक्सअप (मेणात दात घडवणं), धातूचं कास्टिंग, वर पोर्सिलेन. सोबत डेन्चर, म्हणजे कवळ्या. झिरकोनियाची (पांढऱ्या कडक सिरॅमिकची) कामं यायची पण ती लॅबमध्ये व्हायची नाहीत, प्लास्टरचं मॉडेल आणि डाय (घासलेल्या एकेका दाताची सुटी प्रतिकृती) डब्यात पॅक करून बाहेरच्या मिलिंग सेंटरला जायचे, तिकडे स्कॅन, डिझाइन, मिलिंग (मशीनवर कोरणं), सिंटरिंग (भट्टीत भाजणं) सगळं होऊन परत यायचे, मग इथं फिट बघून ग्लेझ, म्हणजे वरची चकाकी. डॉक्टर लोक बेळगाव शहरातले, खानापूर, निपाणी, चिक्कोडी, आणि हद्दीपलीकडचे चंदगड-गडहिंग्लजचे, दोघं गोव्याचे. गाडी ढकलत चालली होती. मग त्या गोव्यातल्या एका डॉक्टरांनी आणि शहरातल्या एका मॅडमनी तोंडात फिरवायचा स्कॅनर घेतला आणि विचारलं, "अण्णा, फाइल घेता काय?" अण्णांकडे फाइल उघडायला सॉफ्टवेअरच नाही. पुतण्याने फाइल मोबाईलवर फुकटच्या ॲपमध्ये उघडून दाखवली, करडा दात गोल गोल फिरतोय, पण त्याचं करायचं काय? ती कामं हळूहळू दुसरीकडे जायला लागली.

तर प्रश्न असा होता, घ्यायचं काय. अण्णांच्या डोक्यात पूर्ण सेट होता, डेस्कटॉप स्कॅनर, डिझाइन सॉफ्टवेअर, मिलिंग मशीन, सिंटरिंग फर्नेस, सगळं एकदम, कारण सेल्सवाल्यांनी तसंच मांडलं होतं आणि एका एक्स्पोत काचेच्या मागं चालणारं मिलिंग बघून ते भारावून आले होते. पुतण्याला फक्त सॉफ्टवेअर पाहिजे होतं. मामांना काहीच नको होतं.

आधी बाजार थोडा समजून घेतला. डिझाइन सॉफ्टवेअरमध्ये दोन नावं सगळीकडे ऐकू येतात. एक थ्रीशेप, डेन्मार्कमधल्या कोपनहेगनची कंपनी, 2000 सालची, ती स्कॅनर आणि सॉफ्टवेअर दोन्ही बनवते. दुसरं एक्सोकॅड, जर्मनीतल्या डार्मस्टाटचं, 2010 सालचं, हे स्कॅनर बनवत नाहीत, त्यांचं सॉफ्टवेअर वेगवेगळ्या स्कॅनरवाल्यांबरोबर येतं, आणि 2020 पासून ही कंपनी अलाइन टेक्नॉलॉजीकडे आहे, ते इन्व्हिजलाइनवालेच. स्कॅनरमध्ये कोरियाची मेडिट, चीनची शायनिंग थ्रीडी वगैरे. एक तिसरा पर्याय पण आला, तो बाजारात नेहमीच येतो, कोणीतरी पेन ड्राइव्हमध्ये क्रॅक व्हर्जन देतो म्हणाला. ते पहिल्या दिवशीच बाद केलं. नीतीचा भाग सोडा, इम्प्लांटची (हाडात बसवायच्या स्क्रूंची) लायब्ररी अपडेट होणार नाही आणि उद्या सॉफ्टवेअर अडकलं तर विचारायचं कोणाला.

सेल्सवाले सगळे मायक्रॉनवर, म्हणजे स्कॅनर मिलिमीटरच्या किती हजाराव्या भागापर्यंत अचूक यावर, भांडत होते. आमचा 4 मायक्रॉन, त्यांचा 7, तो स्वस्तातला 10. अण्णा पण तेच घेऊन बसले, चारवालाच पाहिजे. इथं मला बोलावं लागलं. हा आकडा आयएसओ 12836 प्रमाणे ठरलेल्या टेस्ट पीसवर काढलेला असतो, तुमच्या प्लास्टरच्या मॉडेलवर नाही. आणि तुमचा डाय स्टोन (डाय ओतायचं कडक प्लास्टर), टाइप 4, सेट होताना स्वतःच फुगतो, स्टँडर्डप्रमाणे 0.15 टक्क्यांपर्यंत चालतं. 0.1 टक्का जरी धरला आणि मोलर (दाढ) ते मोलर अंतर 50 मिलिमीटर धरलं तर झाले 50 मायक्रॉन. म्हणजे मॉडेल 50 ने हललंय आणि आपण स्कॅनरच्या 3 मायक्रॉनवर दीड-दोन लाख जास्त टाकणार. शिवाय क्राउनच्या (दातावर बसवायच्या टोपीच्या) कडेला किती फट चालते याचा सगळे वापरतात तो आकडा 120 मायक्रॉन आहे, मॅकलीन आणि फॉन फ्राउनहोफर यांनी 1971 मध्ये हजारावर क्राउन-फिलिंग पाच वर्षांत तपासून तो दिला होता. चांगली लॅब त्याच्या बरीच खाली राहते ते ठीक, पण चार की सात हा या लॅबचा प्रश्नच नव्हता. (मोठी इम्प्लांट ब्रिज किंवा बार करणारी लॅब असेल तर मी हे इतक्या जोरात म्हणणार नाही.)

खरा प्रश्न होता की यांच्या मॉडेलवर काय दिसतं. डेमोला कंपनीवाले स्वतःचं मॉडेल आणतात, पिवळा स्टोन, डाय एकदम सुंदर ट्रिम केलेला, अर्ध्या मिनिटात स्क्रीनवर दात उभा, सगळे खूश. आम्ही म्हणलं ते राहू दे, आमच्या कपाटातली मॉडेल घाला. मामांनी मुद्दाम वाईटातली वाईट काढून ठेवली होती, त्यांना वाटत होतं मशीन तोंडावर पडेल आणि विषय संपेल. खालचे पुढचे चार दात, बारीक आणि दाटीत. एक बुटका मोलर, मार्जिन (क्राउन जिथं संपते ती कड) हिरडीच्या खाली गेलेलं आणि डायला टवका उडालेला. एक तीन युनिटचं, म्हणजे जोडलेल्या तीन दातांचं, ब्रिज. एक इम्प्रेशन (दातांचा उलटा ठसा), मॉडेल न ओतता तसंच. आणि एक डाय ज्यावर हार्डनर (डाय कडक करायचं द्रव) लावून चकचकीत झालेला.

दोन स्कॅनर होते, दोन वेगवेगळ्या दिवशी आले. चकचकीत डायवर दोघांनाही त्रास, प्रकाश परत फिरतो आणि पृष्ठभागावर खड्डे-पुळ्या दिसतात, टायटॅनियम डायऑक्साइडचा स्प्रे मारला की सुधारतं, पण प्रत्येक वेळी स्प्रे कोण मारणार, त्यामुळे हार्डनर बंद करायचा असं ठरलं. पुढच्या दाटीच्या दातांत एकाने भोकं सोडली आणि सॉफ्टवेअरने ती आपली आपण बुजवून टाकली, वरून बघितलं तर गुळगुळीत दिसतं पण तो भाग स्कॅन झालेलाच नाही, अंदाजाने भरलाय. हे मामांनी पकडलं, मी नाही. दुसऱ्याने डाय वेगळा काढून परत स्कॅन करायला सांगितलं आणि नीट जोडलं. इम्प्रेशन स्कॅन दोघांचंही अरुंद प्रेपमध्ये (क्राउनसाठी घासलेल्या दातात) फसलं, खोल बारीक खड्ड्यात प्रकाश आणि कॅमेरा दोघं एकदम पोचत नाहीत, आमच्याकडे खोल बोअरच्या आत मोजताना तेच होतं. म्हणजे "मॉडेल ओतायची गरजच नाही" हे सेल्सचं वाक्य या लॅबपुरतं खोडून टाकलं.

बाईटवर, म्हणजे वरचे-खालचे दात एकमेकांवर कसे टेकतात यावर, बराच वेळ घालवला आणि मला वाटतं लोक इथं कमी घालवतात. वरचं आणि खालचं मॉडेल वेगवेगळं स्कॅन होतं, मग दोन्ही चावलेल्या अवस्थेत धरून बाजूने एक स्कॅन, आणि त्यावरून सॉफ्टवेअर दोघांना जुळवतं. हे जुळवणं थोडं जरी चुकलं तर क्राउन हाय (उंच) येतो, डॉक्टर खुर्चीवर ग्राइंड करत बसतात आणि शिव्या लॅबला. एका सिस्टिममध्ये आर्टिक्युलेटरसकट (मॉडेल जबड्यासारखी धरणाऱ्या बिजागरीसकट) आत ठेवता येत होतं, दुसऱ्यात मॉडेल रबर बँडने बांधायचं होतं. अण्णांच्या पोरांचे रबर बँडने बांधलेले बाईट मी बघितलेत. आर्टिक्युलेटरवाला निवडायचं हे मोठं कारण ठरलं.

आता लायसन्स. कोटेशनमध्ये सॉफ्टवेअर एका ओळीत असतं, ती ओळ उकलायची. एका बाजूला एकदाच पैसे भरायचे, डाँगल (लायसन्सची यूएसबी किल्ली) मिळतो, पुढची अपडेट पाहिजे तर वर्षाला वेगळे, नाही भरले तरी जुनं चालू राहतं. दुसऱ्या बाजूला दर वर्षी भरायचं, पहिल्या वर्षी स्वस्त दिसतं. आम्ही पाच वर्षांची बेरीज कागदावर मांडली तेव्हा स्वस्तवालं महाग निघालं. शिवाय मॉड्यूल, म्हणजे सॉफ्टवेअरचे सुटे विकले जाणारे भाग. बेसिकमध्ये क्राउन-ब्रिज येतं, इम्प्लांट वेगळं, डेन्चर वेगळं, आणि डॉक्टरांच्या तोंडातल्या स्कॅनवरून प्रिंट करायचं मॉडेल बनवायचं असेल तर मॉडेलचं मॉड्यूल वेगळं. फाइल कुठली आत येते आणि कुठली बाहेर जाते हे पण लिहून घेतलं. एसटीएल, पीएलवाय, ओबीजे या प्रकारच्या थ्रीडी फाइल आत आल्या पाहिजेत आणि डिझाइन झालेली एसटीएल कुठल्याही मिलिंग सेंटरला पाठवता आली पाहिजे, कुलूप नको. हे ईमेलवर मागितलं तेव्हा एका कंपनीचा सूर जरा बदलला. त्यावरूनच कळलं.

सीमाभागाची गंमत यानंतर सुरू झाली. आमच्याकडनं कोल्हापूर 110 किलोमीटरच्या आसपास, हायवेने दोन तासांत माणूस येतो. बेंगळुरू 500. पण कंपन्यांचे एरिया राज्यावर पाडलेले, बेळगाव कर्नाटकात म्हणजे बेंगळुरूचा डीलर. पुण्याच्या डीलरनं भाव चांगला दिला, त्याचा सर्व्हिस इंजिनिअर महिन्यात दोनदा कोल्हापूरला असतोच, पण तो म्हणाला इन्स्टॉलेशन आणि वॉरंटी बेंगळुरूकडूनच होणार, मी हात घालू शकत नाही. बेंगळुरूवाला फोनवर गोड, "बर्तेवी सर, बर्तेवी" (येतो सर, येतो) करणारा, पण कधी येणार ते सांगेना. टॅक्सचा फरक नव्हता, पुण्याहून घेतलं तर आयजीएसटी, बेंगळुरूहून घेतलं तर सीजीएसटी-एसजीएसटी, लॅबचा माल चंदगड-गडहिंग्लजला जातो म्हणजे आंतरराज्य पुरवठा, त्यामुळे नोंदणी आधीपासून होतीच. सीएंनी सांगितलं की भाव बघा, टॅक्सकडे बघून डीलर ठरवू नका.

शेवटी बेंगळुरूकडूनच घेतलं पण ऑर्डरवर तीन गोष्टी लिहून घेतल्या. बिघाड फोनवर किंवा रिमोटवर सुटला नाही तर किती कामाच्या दिवसांत माणूस येणार. मशीन उचलून न्यावं लागलं तर बदली स्कॅनर देणार की नाही. आणि कोल्हापूरचा इंजिनिअर पाठवायला कंपनीची लेखी हरकत नाही. तिसरी गोष्ट मिळवायला सगळ्यात जास्त फोन झाले, पण मिळाली. हे या भागातल्या सगळ्यांनी मागावं असं माझं मत आहे, निपाणीवाल्यांनी तर नक्कीच. आणि मशीन दुरुस्तीला राज्याबाहेर पाठवायचं झालं तर विक्री नसली तरी 50,000 च्या वरचा माल आहे, डिलिव्हरी चलन आणि ई-वे बिल लागतं, पोरांच्या हातात खोका देऊन बसमध्ये टाकायचा नाही.

मिलिंगचा हिशोब असा झाला. आकडे या लॅबचे आहेत, गोल करून लिहितो. झिरकोनिया महिन्याला 65 युनिट. बाहेर सगळं करून घेतलं तर 850 रुपये युनिट, फाइल आपली पाठवली तर 650. म्हणजे स्कॅन आणि डिझाइन घरात केलं की युनिटमागे 200, महिन्याला 13,000. स्कॅनर, सॉफ्टवेअर, कॉम्प्युटर आणि यूपीएस मिळून 9 लाख, त्यातले सव्वादोन लाख स्वतःचे, पावणेसात लाख कर्ज, साडेदहा टक्क्यांनी पाच वर्षं, हप्ता साधारण 14,500. म्हणजे फक्त वाचलेल्या पैशांत हप्ता निघत नाही, दीड हजार कमीच पडतात, आणि पुतण्याचा पगार धरलेलाच नाही. सेल्सवाल्याच्या कागदावर हेच मशीन दीड वर्षात फिटत होतं, कारण त्याने युनिट 200 धरली होती, कुठून आणली विचारलं तर हसला. आमच्या हिशोबात हे घेणं बसत होतं ते गेलेली फाइलची कामं परत येतील यावर. त्या दोन डॉक्टरांचंच काम महिन्याला वीसेक युनिट होतं. तेवढं आलं तर बसतं.

मिलिंग मात्र बसत नव्हतं. ड्राय मिल, फर्नेस, कॉम्प्रेसर, डस्ट सक्शन धरून 20 लाख. स्वतःचे 5 घातले तरी 15 लाखांचा हप्ता 32,000 च्या वर. डिस्क (ज्यातून दात कोरतात ती झिरकोनियाची चकती) 98 मिलिमीटरची, तिच्यातून किती दात बसवता यावर, आणि टूल, वीज, वाया गेलेलं धरून युनिटला 300 खर्च, म्हणजे 650 मधले वाचले 350. नुसता हप्ता फेडायला 92 युनिट लागतात, त्यात मेंटेनन्स आला की 110 च्या पुढं. 65 वाल्या लॅबने हे घेणं म्हणजे एका म्हशीसाठी डेअरी काढणं. शिवाय झिरकोनिया सिंटर होताना साधारण 20 टक्के आकसतो, प्रत्येक बॅचचा फॅक्टर वेगळा, 1500 डिग्रीच्या आसपासची फर्नेस, तिचं कॅलिब्रेशन, हे सगळं शिकायला माणूस नव्हता. अण्णा दोन दिवस बोलले नाहीत. मग म्हणाले, बरं, 110 झाले की बघू.

कर्ज मुद्रातून झालं. 5 ते 10 लाख म्हणजे तरुण गट, तारण नाही. उद्यम नोंदणी आधीची होती, कोटेशन आणि दोन वर्षांची रिटर्न लागली. पतसंस्थेचं कर्ज लवकर मिळत होतं पण व्याज जास्त.

मशीन आल्यावर पहिला प्रश्न माऊसला कोण बसणार. पुतण्या झपाट्याने शिकला, क्राउन स्क्रीनवर एकदम देखणे, पण तो वॅक्सअप कधी केलेला नाही, कस्प (दाढेचा उंचवटा) कुठं टेकायला पाहिजे ते त्याला दिसत नाही. मामांना ते सगळं दिसतं पण ते माऊसला हात लावायला तयार नाहीत. एकदा पुतण्याने मार्जिन ऑटोमॅटिकवर सोडलं, टवका उडालेल्या डायवर लाईन टवक्याच्या आतून गेली. मामा मागं उभे होते. "अरे मार्जिन इथनं गेलंय की, तू तिथनं काढूलास." तिथून पद्धत पडली, मार्जिन आणि बाईट मामा स्क्रीनवर बोट ठेवून सांगणार, बाकी पुतण्या. हळूहळू मामा स्वतः माऊस धरायला लागले, अजून एका बोटाने टाइप करतात, पण मार्जिन त्यांचंच.

पहिल्या काही क्राउन ढिल्या आल्या. कंपनीच्या ट्रेनरने सिमेंट गॅप (क्राउनच्या आत सिमेंटसाठी सोडायची जागा) कमी करायला सांगितलं, केला, तर काही घट्ट, काही अजून ढिल्याच. कारण शोधायला पॅरामीटर सोडून बेंचवर जावं लागलं. प्लास्टरवाला पोरगा सवयीने डायवर डाय स्पेसर (तीच जागा सोडायला लावायचा रंग) लावत होता, मेटलच्या कामात लावतातच. स्कॅनरने स्पेसरसकट डाय स्कॅन केला, वर सॉफ्टवेअरने स्वतःचा 50 मायक्रॉनचा गॅप टाकला, म्हणजे जागा दोनदा सुटली. ज्या डायवर त्याने विसरून लावला नव्हता ती क्राउन बरोबर. झिरकोनियाच्या डायला स्पेसर बंद.

खालच्या पुढच्या दातांचं वेगळंच होतं आणि ते माझ्या लाईनचं. प्रेपची कड पातळ, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. 1 मिलिमीटरच्या बॉल टूलने आत 0.5 पेक्षा लहान रेडियस कापता येत नाही, त्यामुळे सॉफ्टवेअर टूलला वाट करून द्यायला आतून जास्त काढतं, क्राउन आत पोकळ होते आणि डुलते. मिलिंग सेंटरला फोन करून विचारलं सगळ्यात बारीक टूल कुठलं चालवता, एकाने 1 सांगितलं, दुसऱ्याने 0.6. पुढच्या दातांची कामं दुसऱ्याकडे, आणि सॉफ्टवेअरमधला टूलचा आकडा त्याच्याप्रमाणे. आणि डॉक्टरांना सांगितलं की कड थोडी गोल ठेवा. तिघांनी ऐकलं, बाकीचे ठेवतात तशीच ठेवतात.

फाइलच्या डॉक्टरांचं काम परत आलं, पण त्यात कटकट वेगळी. व्हॉट्सॲपवर फाइल येते, नाव "स्कॅन 1". कुठला पेशंट, कुठला दात? आपल्याकडे जुने डॉक्टर स्लिपवर अजून कोपरा (जबड्याची बाजू दाखवणारी खूण) काढून आत 6 लिहितात, सॉफ्टवेअरला 36 (खालची डावी दाढ) का 46 (खालची उजवी) ते पाहिजे, आणि कोपरा घाईत उलटा निघाला की गेलं. आता स्लिपवर दोन आकडी नंबर नसेल तर पुतण्या फोन करतो, काम सुरू करत नाही. एसटीएलमध्ये रंग नसतो, हिरडी आणि दात सगळं एकाच रंगाचं, खोल मार्जिन कळत नाही, म्हणून पीएलवाय मागतात. डिझाइन झालं की फिरवून बघता येईल अशी फाइल डॉक्टरांना मोबाईलवर जाते, त्यांनी हो म्हणलं की मगच मिलिंगला.

गोव्याच्या डॉक्टरांशी एकदा वाजलं. स्कॅनमध्ये मार्जिनवर रक्त होतं, कड अर्धवट आली होती, लॅबने परत स्कॅन मागितला, पेशंट निघून गेला होता, ते म्हणाले अंदाजाने करा. अण्णांनी केलं नाही. नंतर ठरलं ते असं, स्कॅन अपुरा आहे हे लॅबने डिझाइनच्या आधी स्क्रीनशॉटसकट कळवलं असेल आणि तरी करायला सांगितलं तर रिमेकचे पैसे क्लिनिकचे, कळवलं नसेल तर लॅबचे. हे नवीन रेट कार्डच्या मागं छापलंय. सध्या झिरकोनिया महिन्याला 90 युनिटच्या आसपास आहे, मॉडेलच्या मॉड्यूलचं कोटेशन मागवलंय, ते आल्याशिवाय प्रिंटर बघायचा नाही असं पुतण्याला सांगितलंय, आणि तो रोज एक प्रिंटरचा व्हिडिओ पाठवतोच.